नुसती खिचडी टाका!

ऑफिसातून आल्यावर रात्री काय करायचं हा प्रश्न तुम्हाला संध्याकाळी पडत असेल, तर तुमचं नियोजन कच्चं आहे. नियोजन पक्कं असलेल्या बायकांना तो पहाटे साडेपाचलाच पडतो.

सुरुवात रविवारपासून करा. रविवार सुट्टीचा असतो ही जुनी समजूत. त्या दिवशी आठवड्याचं वाटण करून गोठवा, दोन गड्डे लसूण सोला, दाण्याचं कूट करा, कोथिंबीर निवडून, धुऊन, वाळवून फडक्यात गुंडाळा. हे सगळं साडेचार तासांत उरकलं, की पुढचे पाच दिवस तुमची रोज वीस मिनिटं वाचतात. गुणाकार करत बसू नका. उसळीचंही तसंच. बुधवारी 'दहा मिनिटांत होणारी' मटकीची उसळ खायची, तर सोमवारी रात्री मटकी भिजत घाला, मंगळवारी सकाळी उपसून फडक्यात बांधा. बुधवारी खरंच दहा मिनिटं लागतात.

प्रवासाचा वेळ वाया घालवू नका. सीएसएमटी ते डोंबिवली फास्ट लोकललाही तासभर लागतो, आणि चौथ्या सीटवर अर्ध टेकूनसुद्धा गवार मोडता येते. मेथी मात्र घाटकोपरच्या आत संपवा. तिथे मेट्रोतून उतरलेली गर्दी आत घुसली, की दांडीला धरायला वर गेलेला हात ठाण्यापर्यंत खाली येत नाही.

आता घरी. घरचे समजूतदार आहेत. 'दमली असशील, काही घाट घालू नकोस, नुसती खिचडी टाक,' असं ते सोफ्यावरून उठायचेही कष्ट न घेता सांगतात. यातला 'नुसती' हा शब्द नीट समजून घ्या. नुसती खिचडी म्हणजे मुगाच्या डाळीची, वर तूप. सोबत पापड, सासऱ्यांना भाजलेला, कारण तळलेल्याने खोकला येतो, आणि मोठ्याला तळलेला, कारण भाजलेला 'बोअर' असतो. घशाखाली उतरायला कढी. कढी नसली तर ताक चालेल, पण मग त्याला जरा फोडणी दे. काहीतरी कच्चं हवं म्हणून काकडीची कोशिंबीर. धाकटीला खिचडीच नको असते, म्हणून तिच्यापुरती एक पोळी, आणि एका पोळीसाठी कणीक काय भिजवायची, म्हणून सहा. जेवणं झाल्यावर कोणीतरी फोनवर सांगतं, 'आज काही केलंच नाही आमच्याकडे, नुसत्या खिचडीवर भागवलं.'

कुकरवर विश्वास ठेवा. आतल्या दाबामुळे पाणी १२० अंशांच्या आसपास तापतं, म्हणून डाळ लवकर शिजते. शिट्ट्या झाल्या तरी वाफ जिरेपर्यंत झाकण मात्र निघत नाही. ही दहा मिनिटं पूर्णपणे तुमची. त्यात मोठ्याचा अभ्यास घ्या (विज्ञान असेल तर कुकर समोरच आहे), उद्याच्या डब्याची फरसबी चिरा, ऑफिसच्या ग्रुपवर 'नोटेड सर' टाका.

नवऱ्याची मदतही घ्या. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांची त्यातली रोजची सरासरी २८९ मिनिटं भरली, तर घरकाम करणाऱ्या पुरुषांची ८८. अठ्ठ्याऐंशी काही कमी नाहीत! 'अगं, जिरं कुठे आहे?' हे आतून, बाहेरून आणि फ्रिज उघडा ठेवून विचारायला तेवढा वेळ लागतोच. जिरं मिसळणाच्या डब्यात आहे. लग्न झाल्यापासून तिथेच आहे.

अगदीच हातपाय गळाले तर स्टेशनबाहेरच्या पोळीभाजी केंद्रातून पोळ्या घ्या. फक्त कागद जिन्यातच टाकून द्या आणि पोळ्या आपल्या डब्यात, आपल्या फडक्यात ठेवा. सासूबाई म्हणाल्या, 'आज मऊ झाल्यात हो तुझ्या,' तर लाजून 'हं' म्हणा. चार पोळ्यांसाठी खरं बोलायची काही गरज नाही.

रांगेत उभ्या असाल तर आत तव्यापाशी दुपारपासून लाटत असलेल्या ताईंना सहज विचारून बघा, घरी गेल्यावर आज काय करणार म्हणून.

'काय नाय ओ. नुसती खिचडी टाकीन.'