लॅब्रेडोर आणली की झाली डेझी!

नागपुरात फुटाळा तलावावर संध्याकाळी "डेझी!" म्हणून हाक मारा, तीन-चार लॅब्रेडोर माना वळवतील. नाहीतर कोको, बेला, लुना. काऊन बाप्पा, बाकी नावं संपली काय?

आणि वेगळं ठेवायला गेले की 'नोव्हा', 'स्टेला'! अहो, दिवसभर 'नो' आणि 'स्टे' ऐकणाऱ्या पिल्लाला कळणार कसं, बोलावताय की थांबवताय? घरात 'बस' शिकवत असाल तर 'बसंती'चंही तेच. कोणी 'त्रिपुरसुंदरी' ठेवतात. मग बाबांची त्रिपू, आजीची सुंदरी, आणि पिल्लू कुठल्याच हाकेला येत नाही.

दोन ठोक्यांचं नाव पुरे, सुरुवातीला क, ट, च असा ठसठशीत आवाज. टिकली, चिंची, काळी असेल तर काजळ. आधी गॅलरीतून खाली मोठ्यानं हाक मारून बघा, तोंडात बसतं का ते. मग नाव एकदाच घ्यायचं, तिनं पाहिलं की एक-दोन सेकंदांत खाऊचा दाणा. अशा एका वेळी पाच-सहा हाका, दिवसातून तीन-चारदा. पण चप्पल कुरतडली म्हणून त्याच नावानं खेकसू नका हो! उद्या अंबाझरी तलावाच्या गर्दीत पट्टा सुटला, की नाव ऐकून ती लांबच पळेल.