सुतकातलं गाणं

आमच्या घराण्याचा व्हॉट्सॲप ग्रुप एरवी वाढदिवसांना आणि पावसाळ्यात कृष्णेच्या पाण्याला जागा होतो. गेल्या महिन्यात सांगलीची आत्या गेली. पाचव्या दिवशी दिवेलागणीला आतेभावाने तिच्या रिकाम्या खाटेपाशी बसून मोबाईलवर भीमसेनजींचा अभंग लावला. आत्या रोज त्या वेळेला तो ऐकायची. खिडकी उघडी होती, आवाज गल्लीत गेला. गल्लीतून तो वाईला काकांपर्यंत पोचायला दोन तास पुरले. रात्री ग्रुपवर काकांनी लिहिलं, "सुतकात गाणी लावायची पद्धत आपल्यात कधीपासून आली?"

त्यानंतर तीन दिवस वाद चालला. कुणी म्हणालं, अभंग म्हणजे गाणं नव्हे. कुणी म्हणालं, अभंग झाला तरी ऐकणाऱ्याची करमणूकच होते. एका चुलतबहिणीने लिहिलं, "त्याला आईचं काही वाटतच नसेल." ते वाक्य मी ट्राममध्ये वाचलं आणि मला राहवलं नाही. उभ्याउभ्याच चार ओळी लिहून टाकल्या, की ज्याला काही वाटत नाही तो त्या वेळेला तो अभंग लावणार नाही, टीव्ही लावेल. काकांचं उत्तर लगेच आलं: "पोरी, तू लांब आहेस. तुझ्यापर्यंत सुतकही पोचत नाही आणि त्याचा अर्थही पोचत नाही."

काकांची सख्खी धाकटी बहीण गेली आहे, त्यांचं दुःख माझ्यापेक्षा मोठं आहे, म्हणून ग्रुपवर मी पुढे काही बोलले नाही. पण ते वाक्य तेव्हापासून माझ्यासोबत आहे. त्याचं उत्तर मला लिहायचं आहे.

जर्मनीत, लाइपझिगमध्ये मला अकरा वर्षं झाली. इथे शुक्रवारी संध्याकाळी सहाला आणि शनिवारी दुपारी तीनला थोमास चर्चमध्ये मोटेट होतो, म्हणजे अनेक आवाजांत गायलेली प्रार्थना. चहाच्या पैशांत कार्यक्रमपत्रिका घ्यायची, तेच तिकीट. ऑफिसातून सुटलेली माणसं सायकली बाहेर लावून आत येतात, खांद्यावरच्या भाजीच्या पिशव्या बाकाखाली ठेवतात आणि ऐकतात. गाणारी बहुतेक शाळकरी मुलं. त्यांचं गायकवृंद १२१२ सालापासून चालत आलेलं आहे, म्हणजे आपल्याकडे ज्ञानेश्वर जन्मायच्याही साठेक वर्षं आधीपासून. थोर जर्मन संगीतकार योहान सेबास्टियान बाख १७२३ पासून १७५० पर्यंत, मरेपर्यंत, याच मुलांचा मास्तर होता. तो वेदीसमोरच पुरलेला आहे. वर ब्राँझची साधी पाटी आणि नाव, बस. कुणी ना कुणी रोज तिथे फुलं ठेवतं.

तीन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात, एका बुधवारी पहाटे, भावाचा फोन आला. बाबा गेले होते. त्याने विचारलं, "थांबायचं का तुझ्यासाठी?"

त्याच उन्हाळ्यात मी जर्मन नागरिकत्व घेतलं होतं. भारतीय पासपोर्ट परत केला होता, परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते ओसीआय कार्ड अजून हातात आलं नव्हतं. वडिलांच्या मयताला जायला मला भारताचा व्हिसा लागणार होता. हे भावाला त्या क्षणी सांगणं मला जमलं नाही. मी एवढंच म्हटलं, "नको थांबूस. बाबांना ताटकळत ठेवू नकोस." व्हिसा सोमवारी मिळाला. तो देणाऱ्या माणसाने माझं पत्र वाचून सगळी कामं बाजूला ठेवली, हे मी विसरणार नाही. पण बुधवार ते सोमवार मी इथेच होते.

व्हिडिओ कॉलवर मी सगळं पाहिलं. कृष्णाकाठ, ओल्या पायऱ्या, भावाच्या खांद्यावरचं मडकं. बाबांच्या भजनी मंडळाची सगळी म्हातारी मंडळी होती. टाळ-मृदंगाच्या नादात त्यांनी बाबांना नेलं. मग कॉल संपला आणि माझ्या खोलीत हीटरच्या नळ्यांची टकटक तेवढी राहिली.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मी घरात काहीही लावलं नाही. कुणी सांगितलं नव्हतं, तरी सुतक पाळलं. म्हणून काकांनी "पोचत नाही" म्हटलं तेव्हा मला लागलं. पोचलं होतं. खालच्या मजल्यावरच्या आजींना कुठून कळलं कोण जाणे, त्यांनी काळ्या कडेचं कार्ड पत्रपेटीत टाकलं. सुंदर अक्षरात दोन ओळी होत्या. पण त्यांनी बेल वाजवली नाही. इथे दुःखात माणसाला एकटं सोडणं हाच आदर मानतात, आणि त्यात त्यांचं काही चुकतं असं मी म्हणणार नाही. वाईला आमच्या घरी त्या वेळी दाराला कडी नव्हती. शेजारच्या घरातून कडू घासाचं पिठलं-भात आलं. आल्यागेल्याच्या चपलांनी अंगण भरलं होतं. आईच्या शेजारी चोवीस तास कुणीतरी बसलेलं होतं.

सुतकातली शांतता मुळात अशा भरल्या घरासाठी आहे, असं मला तेव्हा कळलं. रेडिओ बंद ठेवायचा, कारण माणसं बोलत असतात, रडत असतात, गेलेल्याच्या आठवणी काढत असतात. त्यात रेडिओ हा परका आवाज. माझ्या खोलीत मात्र परका म्हणायलाही दुसरा आवाज नव्हता. दोन दिवस मी बाबांसाठी रडलेही नाही. नुसती बसून होते.

शुक्रवारी सहाला मी थोमास चर्चला गेले. त्या दिवशी बाखचा 'डेअर गाइस्ट हिल्फ्ट' हा मोटेट होता. दोन गायकवृंद समोरासमोर, आठ आवाज. बाखने तो १७२९ साली याच शाळेच्या वृद्ध मुख्याध्यापकांच्या अंत्यविधीसाठी लिहिला. ही गोष्ट मला बऱ्याच वर्षांपासून माहीत होती, पण त्या दिवशीच ती मला भेटली, कारण माझे बाबा मुख्याध्यापक होते. शब्द बायबलातले आहेत. आम्हाला काय मागावं तेच कळत नाही, तेव्हा आमच्या वतीने आत्माच मागतो, शब्दांत न मावणाऱ्या उसाशांनी. 'उसासे' या शब्दावर मुलांचे आवाज असे तुटत तुटत जातात, जणू श्वास अडकतोय. तिथे मी पहिल्यांदा रडले. बाजूच्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही, फक्त त्यांची कार्यक्रमपत्रिका माझ्या गुडघ्यावर ठेवली. माझी भिजली होती.

बाहेर पडताना त्या ब्राँझच्या पाटीपाशी थांबले. बाख १७२० मध्ये मालकाबरोबर, म्हणजे क्योटनच्या राजपुत्राबरोबर, कार्ल्सबादला गेला होता. निघाला तेव्हा बायको मारिया बार्बारा धडधाकट होती. परत आला तर तिला पुरूनही झालं होतं. घरात पाऊल टाकल्यावर त्याला ती आजारी पडल्याचं आणि गेल्याचं एकदमच कळलं, असं त्याच्या मुलाने पुढे मृत्युलेखात लिहिलंय. बाखच्या वीस मुलांपैकी दहा लहानपणीच गेली. या माणसाने सुतक पाळायचं म्हणून कागद बाजूला ठेवला असता तर त्याला लिहायला किती वर्षं उरली असती? पोचायला उशीर झालेला माणूस म्हणून त्या पाटीशी मला जे वाटलं, ते मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही.

काका म्हणतील, ते त्यांचं झालं. मग आपलं घेऊ. ज्ञानेश्वरांनी १२९६ मध्ये आळंदीला समाधी घेतली आणि नामदेवांनी त्या वियोगाचे अभंग रचले. मराठीत शोकाची परंपरा सुरू होते ती गाण्यातूनच. पंढरीच्या वाटेवरचा माणूस गेला तर त्याला टाळांच्या गजरात नेतात. आपल्या साताऱ्या-पुण्याकडे दशक्रियेच्या पत्रिकेत प्रवचनकाराचं नाव आधी छापतात. खानदेशातली बहिणाबाई ऐन तारुण्यात विधवा झाली. तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून जात्यावर बसून ती ओव्या रचत राहिली. मुलाने आणि भाच्याने त्या टिपून ठेवल्या नसत्या तर १९५१ मध्ये तिच्याबरोबरच सगळ्या गेल्या असत्या. जात्यावर दुःख गाणाऱ्या बाईला कुणी म्हणालं का, की दळताना गाऊ नकोस, सुतक आहे?

आणि पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव कशासाठी सुरू झाला? १९५२ मध्ये गुरू गेले, पुढच्या वर्षापासून भीमसेनजींनी त्यांच्या स्मरणार्थ गाणं सुरू केलं. काका, तुम्ही स्वतः सतरंजीवर बसून रात्ररात्र तिथे गाणं ऐकलंय. पुण्यतिथीचं गाणं पवित्र आणि पाचव्या दिवसाचं पाप, हा हिशोब मला लागत नाही.

माझ्या विरुद्ध जाणारी एक गोष्टही सांगते. इथे गुड फ्रायडेला सार्वजनिक नाचाच्या कार्यक्रमांना कायद्याने बंदी आहे. सॅक्सनीत, म्हणजे आमच्या राज्यात, दरवर्षी तरुण मुलं त्यावरून चिडतात, वर्तमानपत्रांत पत्रं येतात. म्हणजे दुःखाचा दिवस शांत ठेवावा हे यांनाही वाटतं. पण त्याच दिवशी थोमास चर्चमध्ये बाखचं पॅशन, म्हणजे येशूच्या मरणाची गायलेली कथा, होतं, दोन-तीन तास, आणि जागा मिळत नाही. नाच थांबवतात, शोकाचं संगीत थांबवत नाहीत. हा फरक आपणही आधी करत होतो, असं माझं म्हणणं आहे. भजनी मंडळं विरळ झाली, म्हणायला माणसं उरली नाहीत, आणि नियमातला फक्त 'बंद' एवढाच शब्द शिल्लक राहिला.

हेच मी नंतर फोनवर काकांना सांगितलं. "बाबांना नेताना तुमच्या हातात टाळ होते. मी पाहिलंय." ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "ते आम्ही म्हटलं. माणसांनी म्हटलं. मोबाईलवर लावणं वेगळं."

इथे मात्र मला अडखळायला झालं, कारण त्यांचं खरं आहे. चार माणसं भिंतीला टेकून भजन म्हणतात तेव्हा शोक वाटून घेतला जातो. मोबाईलवर तो एकट्याचाच राहतो. मलाही ती माणसंच हवी होती. थोमास चर्चमधल्या त्या शे-दोनशे अनोळखी माणसांत मी त्यांना शोधत होते. त्या बाईंनी गुडघ्यावर कागद ठेवला तेव्हा मला आमच्या दत्तमंदिरातल्या गुरुवारच्या बायका आठवल्या. आतेभावाच्या घरी त्या संध्याकाळी कोण होतं? बहिणी सासरी परतल्या होत्या, सांगलीतले मित्र पुण्याला नोकरीला, गल्लीत अर्धी घरं भाड्याची. सांगलीतही तो माझ्याइतकाच लांब होता. ज्याच्याजवळ माणसं नाहीत त्याने आवाजाला जवळ बोलावलं. काका, हे लांब असण्याचं दुःख आता फक्त परदेशातल्यांचं राहिलेलं नाही.

आणखी एक गोष्ट मी ग्रुपवर लिहिलेली नाही.

मी घरी पोचले त्या दिवशी बाबांची वाजवायची पेटी देवघराच्या बाजूला होती, वर बाबांचाच पंचा टाकलेला. कुणी तिला हात लावत नव्हतं. दहाव्याच्या आदल्या रात्री सगळे झोपल्यावर आईने मला हळूच विचारलं, "तिथे एकटी काय केलंस इतके दिवस?" मी शुक्रवारचं सांगितलं. घाबरतच सांगितलं, सुतकात मी गाणं ऐकायला गेले होते म्हणून. आई काही बोलली नाही. तिने पंचा घडी करून मांडीवर घेतला, पेटी उघडली आणि म्हणाली, "गाणं नाही. नुसता सूर धरते."

डाव्या हाताने भाता हलवत तिने उजव्या हाताचं एकच बोट पट्टीवर ठेवलं. बाबांचा सा. चाळीस वर्षं ती त्यांच्या गाण्यामागे बसली होती, पण पेटीवर बोट ठेवताना मी तिला पहिल्यांदाच पाहिलं. ती तो एक सूर किती वेळ धरून बसली होती ते मला सांगता येणार नाही. पलीकडच्या खोलीत काका झोपले होते. त्यांचा खोकला रात्रभर चालू असायचा. तेवढा वेळ तो ऐकू आला नाही.

परवा आईला फोन करून विचारलं, हे लिहू का. ती म्हणाली, "लिही. पट्टी तेवढी बरोबर लिही. काळी दोन."