सराव पेपर सोडवून सिद्धता येत नाही
एका लेखात म्हटलंय की लातूर पॅटर्नची, म्हणजे लातूरकडच्या क्लासेसच्या तयारीच्या पद्धतीची, सराव पेपरांची सवय पोरांना गणित ऑलिम्पियाडलाही तारून नेईल. पहिल्या टप्प्यापुरतं ठीक आहे. आयओक्यूएमला, म्हणजे ऑलिम्पियाडच्या पहिल्या पात्रता परीक्षेला, तीन तासांत 30 प्रश्न, 100 गुण, उत्तर म्हणजे 00 ते 99 मधला एक आकडा. हात बसलेला असला की बरंच उरकतं. खरी गोची पुढे आरएमओला, म्हणजे त्यानंतरच्या प्रादेशिक टप्प्याच्या परीक्षेला. तिथे तीन तासांत सहाच प्रश्न, पण प्रत्येकाचं कारण पायरी-पायरीने लिहायचं.

मी अंबाजोगाईत नववीच्या पोरांना शिकवतो. एकदा दिलं: कोणत्याही पूर्ण संख्येच्या घनातून तीच संख्या वजा केली तर येणाऱ्या उत्तराला 6 ने निःशेष भाग जातो, सिद्ध करा. निम्म्या वर्गाने 2, 3, 4 घालून 6, 24, 60 काढलं आणि खाली 'सिद्ध झाले' ठोकून दिलं! मागच्या बाकावरची एक पोरगी मात्र अडून बसली, "सर, सगळ्या संख्या कुठं तपासल्या?" मग फळ्यावर अवयव पाडले. निघाला लागोपाठच्या तीन संख्यांचा गुणाकार. त्यात एक तरी सम, एक नक्की तीनच्या पाढ्यातली. झालं काम.

असल्या एका गणिताला अख्खा तास जातो, आणि पालक विचारतात, "याचे मार्क कुठं धरतात?" (त्यांचंही चुकत नाही म्हणा, खोलीभाडं नि मेसचा खर्च त्यांनाच भागवायचा असतो.) तरी आठवड्याची एक टेस्ट कमी करून तेवढ्या वेळात दोनच गणितं कारणांसह लिहून घ्यायला काय हरकत आहे? लातूर-नांदेडकडे कुणी क्लासवाले असं करत असतील तर इथं जरूर सांगा.