पदवी काय भावानं गेली?

पोराला अनुदानित कॉलेजात घालायचं तुमच्या मनात असेल, तर आधी ओटीवर टेका, तांब्याभर पाणी प्या आणि तो विचार डोक्यातून काढून टाका. कारण अगदी साधं आहे. फी कमी आहे. स्वस्त ते वाईट, हे आंब्याच्या धंद्यात जन्म काढलेल्या माणसाला मी सांगायला नको. वाशीला कर्नाटकचा आंबा हापूस म्हणून चढ्या भावानं खपतो, तेव्हा गिऱ्हाईक पेटीत कधी डोकावतं का? भाव चढा आहे ना, मग माल अस्सलच असणार.

शिवाय वर्षाच्या काही हजारांत बी.एस्सी. होणाऱ्या पोराबद्दल लग्नाच्या मांडवात तुम्ही बोलणार काय? ‘रत्नागिरीलाच असतो, एसटीच्या पासावर ये-जा करतो’ हे सांगताना आवाज आपोआप खाली जातो. उलट, ‘पुण्याला आहे, पहिल्याच वर्षी चार लाख भरले’ हे वाक्य जेवणाच्या शेवटच्या पंगतीपर्यंत ऐकू जातं.

चार लाख आणायचे कुठून, असली रडगाणी नकोत. बँका कशासाठी आहेत? साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला काही गहाण ठेवावं लागत नाही. त्याच्या वर गेलात तर बहुधा तारण लागतं, आणि तिथं तुम्ही छाती काढून म्हणाल, ‘जमीन आहे की!’ आहेच. फक्त सातबाऱ्यावर आजोबा आहेत, त्यांचे तीन भाऊ आहेत, त्यातल्या एकाची परळला वाढलेली मुलं आहेत आणि केव्हाच वारलेली एक आत्याही आहे. गणपतीत चाकरमानी आले की सह्यांचा विषय काढा. आरती झाल्यावर, प्रसाद वाटायच्या आधी. एखादी सही मिळेल न मिळेल, पुढच्या गणपतीपर्यंत पुरेल एवढं भांडण मात्र नक्की पदरात पडेल. कर्जाचं चिंता करण्यासारखं काही नाही. अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभर हप्ता सुरू होत नाही, आणि पुढं प्राप्तिकराचं विवरण जुन्या करपद्धतीनं भरलंत तर व्याजावर आठ वर्षं सूट आहे. सूट घ्यायला आधी कर बसण्याइतका पगार असावा लागतो, हा बारकावा पोराला सावकाश कळू द्या.

आता मिळकतीकडे येऊ. पदवीचं मोल काढायची शास्त्रशुद्ध रीत अशी : निकालानंतरच्या पहिल्या दिवाळीला पोराला पगार विचारायचा, त्याला बारानं गुणायचं आणि झालेल्या खर्चाशेजारी मांडायचं. पुढची पस्तीस वर्षं कशाला धरता? कलम लावल्यावर पहिल्याच वर्षी पेटी भरली नाही तर ते उपटूनच टाकतो ना आपण? (टाकत नाही. पण ते झाड आहे, पोराला वेगळा न्याय.)

हिशेबाला भक्कम आधार हवा असेल तर आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा भारतातल्या रोजगारावरचा २०२४ चा अहवाल आहे. त्यात पदवीधर तरुणांमधली बेरोजगारी २९.१ टक्के दिली आहे, आणि ज्यांना लिहिता-वाचता येत नाही अशा तरुणांमधली ३.४ टक्के. यावरून निष्कर्ष उघड आहे. पोराला बेकारीतून वाचवायचं असेल तर बालवाडीपासूनच काळजी घ्यायला हवी होती. निरक्षर माणसाला बेकार राहणं परवडतच नाही, एक दिवस काम नसेल तर त्याची चूल पेटत नाही, म्हणून तो मिळेल ते मिळेल त्या मजुरीला करतो आणि आकड्यात ‘रोजगार असलेला’ म्हणून बसतो, असले फाटे फोडणारे लोक असतात. त्यांना चहा द्या आणि वाटेला लावा.

तरी तुमचं मन दापोलीच्या थोरामोठ्यांकडे धाव घेणार, हे मला माहीत आहे. तर तेही तपासून घेऊ. मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेले आणि १८९९ साली गणिताच्या परीक्षेत पहिले येऊन सीनियर रँग्लर झाले. तो मान मिळवणारे पहिले भारतीय. जनतेच्या पैशानं एवढं शिकलेला माणूस परत येऊन काय करतो? फर्ग्युसन कॉलेजात महिना पंचाहत्तर रुपयांवर शिकवायला लागतो! आजच्या भाषेत याला प्लेसमेंट फसणं म्हणतात. जवळच्याच मुरूडचे धोंडो केशव कर्वे त्याहून अव्यवहारी. त्यांनी १९१६ साली महिलांचं विद्यापीठ काढलं तेव्हा विद्यार्थिनी होत्या पाच. पाच! आज एखाद्या तुकडीला पाच पोरं असती तर वर्ग बंद करा म्हणून पत्र आलं असतं, आणि ते योग्यच झालं असतं. त्या पाच जणींचा पहिल्या दिवाळीचा पगार कोणी विचारला होता का? मग कशाच्या जोरावर चाललं ते विद्यापीठ शंभर वर्षं?

आता मुख्य मुद्दा. कोणी तुम्हाला म्हणेल, विद्यापीठ म्हणजे नुसती पदवी नव्हे, त्यातून गावाला काहीतरी मिळतं. अशा वेळी खंबीर राहा. माझ्या ओळखीचे एक बागायतदार यात फार तयार आहेत. एप्रिलमध्ये भर दुपारी कलमाखाली उभं राहून ते विचारतात, ‘काय दिलंन् रे मला त्या विद्यापीठानं?’ हे विचारताना त्यांच्या हातात काठी असते, काठीला झेला असतो, झेल्याला पातं असतं आणि त्या पात्यानं आंबा देठासकट कापला जाऊन अलगद जाळीत उतरत असतो. देठ राहिला की चीक फळावर ओघळत नाही. ओघळला तर सालीवर काळा डाग पडतो, आणि डागी आंब्याला दलाल कोणता दर लावतो ते तुम्हाला ठाऊक आहे. तो ‘नूतन झेला’ दापोलीच्या कृषी विद्यापीठात तयार झाला, असं मी एकदा त्यांना सांगायला गेलो. ते म्हणाले, ‘छट्, हा तर बाजारात मिळतो.’

हेच धोरण तुम्हीही ठेवा. १९७२ साली दापोलीत विद्यापीठ झालं तेव्हापासून लोकांनी काय काय फुकटात उचललं, त्याची वही कोणी घातलेली नाही, तेव्हा तुम्हीही घालू नका. कोवळ्या कोयीवरच कलम बांधायची रीत आता वाडीतलं पोरही जाणतं, म्हणजे ती आपल्या बापजाद्यांचीच असणार. काजूच्या रोपवाटिकेत जाऊन ‘वेंगुर्ला चार आहे का, सात आहे का’ विचारता, ते काय एसटीचे फलाट आहेत? त्या वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात वर्षानुवर्षं झाडं निवडून आणि संकर करून काढलेल्या जाती आहेत, पण बी मोजताना हे आठवायची गरज नसते. हापूसमध्ये साका पडतो, म्हणजे आतला गर पांढरट, स्पंजासारखा होतो, म्हणून नीलम आणि हापूसचा संकर करून ‘रत्ना’ काढला, त्यात साका नाही, दरवर्षी धरतो. त्याला आपण नाव ठेवलं की हापूसची चव नाही, आणि विषय संपवला. मोहोर यावा म्हणून झाडाला घालतात त्या कल्टारची मात्रा झाडाच्या घेराप्रमाणे मोजून द्या म्हणून विद्यापीठानं सांगितलं. आपण शेजाऱ्यापेक्षा जास्त आंबा हवा म्हणून दुप्पट ओततो आणि झाड वाळलं की विद्यापीठाला शिव्या घालतो. संशोधनाचं श्रेय कधी द्यायचं आणि दोष कधी द्यायचा, याची ही पक्की वेळापत्रकं आहेत.

२०१८ साली कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच्या अर्जदारांतही हे विद्यापीठ होतं. पण पेटीवर स्टिकर लावलं की दर तुमचा. यातलं काहीही पदवीधराच्या पगारात दिसत नाही, म्हणून ते झालंच नाही. त्याच विद्यापीठातून शेतकीची पदवी घेतलेला पोरगा स्पर्धा परीक्षेच्या मागे लागून सदाशिव पेठेत चार वर्षं काढतो, ते मात्र झालं. ते सगळ्यांना सांगा.

खर्च आणखी कमी करायचा असेल तर सरकारलाही माझा सल्ला आहे, आणि आनंदाची गोष्ट अशी की तो आधीच अमलात आलाय. कायम प्राध्यापक नेमायचे नाहीत, तासिका तत्त्वावर घ्यायचे. शिकवलेल्या तासाचे पैसे, सुट्टीचे नाहीत. कोकणात तर हे छान बसतं. मे महिन्यात सरांना पगार नसतो, पण तेव्हा आंबा असतो. पीएचडी झालेला माणूस पेट्यांना खिळे मारताना दिसला तर त्याला नमस्कार करा. जून लागला की तो तुमच्या मुलाला अर्थशास्त्र शिकवणार आहे. शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च करा असं कोठारी आयोग १९६६ साली म्हणाला, २०२० च्या धोरणानं तेच पुन्हा म्हटलं. एवढी सातत्यपूर्ण शिफारस मोडणं बरं नव्हे, म्हणून ती आपण जपून ठेवली आहे.

मुंबई विद्यापीठाबद्दल एकच. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातली कॉलेजं त्याच्याच पदराला आहेत, आणि काही अडलं की सावंतवाडीच्या पोराला तुतारी एक्स्प्रेसच्या जनरल डब्यात रात्र काढून कलिना गाठावं लागायचं. उपकेंद्रं झाली म्हणून हे सगळं संपलं असं समजू नका. २०१७ साली ऑनलाइन तपासणीपायी निकाल रखडले, तेव्हा वाट बघण्याचं जे शिक्षण मिळालं ते कुठल्या खासगी कॉलेजात पैसे मोजूनही मिळत नाही.

एवढं सांगूनही मुलगी हट्टाला पेटलीच, शिकायचंच म्हणाली, तर एक वाट आहे. २०२४-२५ पासून आर्थिक दुर्बल आणि मागास प्रवर्गातल्या, वर्षाला आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी सरकार भरतं. सरकारी पैसा वाया जातो हे आपलं मत कायम ठेवून अर्ज करायला हरकत नाही. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तलाठ्याकडे जाताना जुनी चप्पल घाला. यंदा थ्रिप्सनं मोहोर खाल्ला, उरलेला अवकाळीनं पाडला, कामगारांचा पगारसुद्धा सुटला नाही, असं सांगा. संध्याकाळी मुलीला बघायला पाहुणे आले तर पाचशे कलमं आहेत आणि पेटी थेट दुबईला जाते, हे सांगा. दोन्हीकडे तोच तलाठी बसलेला नाही ना, तेवढं मात्र आधी चौकशी करून घ्या. सोयरिकी हल्ली फार जवळच्या निघतात.