पाच म्हणजे पहिला नव्हे

माझा भाचा संभाजीनगरला इंजिनिअरिंगला आहे. दर रविवारी त्याच्या रूमवर पाच-सहा पोरं जमतात, मॅगी शिजते आणि वीस बाजूंचा फासा फरशीवर खडखडवत रात्री एकपर्यंत राक्षस मारले जातात. रोल-प्लेइंग गेम म्हणतात त्याला. मला त्यातलं जे काही कळतं ते या पोरामुळंच. परवा त्यानं मला एक मेसेज पाठवला आणि खाली लिहिलं, 'मामा, मी असंच मत दिलंय. बरोबर ना?'

मेसेज 'एनी' पुरस्कारांबद्दलचा होता. या खेळांच्या धंद्यात त्यांना मान आहे. 2001 पासून दिले जातात, 2002 पासून अमेरिकेतल्या जेन कॉन या मेळाव्यात. पाच परीक्षक आलेली पुस्तकं तपासून विभागवार नामांकनं काढतात, आणि सोनं कोणाला, चांदी कोणाला हे जुलैत लोक ऑनलाइन मत देऊन ठरवतात. मेसेजचं म्हणणं असं: आवडत्या खेळाला 5 द्या, सगळ्यात नावडत्याला 1. नामांकन पैसे भरून मिळतं. परीक्षक कोण ते गुप्त असतं. जिंकते नेहमी मोठीच कंपनी. आणि भारतातून दिलेली मतं मोजतच नाहीत. शेवटी अर्थातच 'जास्तीत जास्त शेअर करा'.

मतं मोजतच नाहीत तर मत कसं द्यायचं ते कशाला शिकवतोस बाबा? लिहिणाऱ्यानं स्वतःचा मेसेज एकदा तरी वाचायला हवा होता.

पण खरा घात पहिल्या मुद्द्यात आहे. एनीला पसंतीक्रमानं मत द्यायचं असतं. 1 म्हणजे पहिली पसंती, 2 म्हणजे दुसरी. पुरस्कारवाल्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावर ही रीत दिलेली आहे, यापेक्षा मोठा पुरावा कोणता आणायचा? मेसेजवाल्याच्या डोक्यात बसलेत ते स्टार. जेवण मागवलं की पाच स्टार, रिक्षा बरी चालवली की पाच स्टार. तेच त्यानं इथं चिकटवलं. आणि ज्यानं ज्यानं ऐकलं त्यानं स्वतःच्या लाडक्या खेळाला शेवटच्या बाकावर बसवलं.

मला याचा इतका राग यायला कारण आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे, आणि 1 डिसेंबर 2020 ला औरंगाबाद पदवीधर मतदारसंघाच्या निवडणुकीत माझी परभणीत केंद्रावर ड्युटी होती. लांबलचक मतपत्रिका आणि जांभळ्या शाईचं एक स्केचपेन. तेच पेन वापरायचं, खिशातलं चालत नाही. उमेदवाराच्या नावापुढच्या रकान्यात आकडा लिहायचा. 1 लिहिलाच पाहिजे, पुढचे आकडे तुमची मर्जी. बरोबरची खूण केली की मत बाद. दोघांपुढं 1 लिहिला तरी बाद. दिवसभर हे सांगून घसा बसला. एक गृहस्थ, चांगले एम.ए. झालेले, पेन हातात धरून मला विचारतात, 'सर, माझा माणूस दहा नंबरी आहे, त्याला दहा लिहू का?' तेव्हा हसलो होतो. आता घरातच तसा निघाला.

मोजणीचं गणित दोन्हीकडं हुबेहूब एकच आहे असं माझं म्हणणं नाही. पण पसंतीक्रमात एकाचा अर्थ पहिला, हे परभणीत जेवढं खरं तेवढंच तिकडंही.

बाकीचे मुद्दे एवढ्या वेळेच्या लायकीचे नाहीत. नामांकनाला फी नाही. छापील पुस्तक परीक्षकांपर्यंत पोचवायचा खर्च प्रकाशकाच्या खिशातून जातो, त्याला कोणी 'पैसे भरणं' म्हणत असेल तर म्हणो. परीक्षकांची नावं जाहीर असतात, इतकंच काय, त्यांना लोकच मतदानानं निवडतात.

गुप्त समितीची भानगड आली कुठून, तर बहुतेक 'डायना जोन्स' नावाच्या दुसऱ्याच पुरस्कारावरून. तिथं लोकांचं मतदानच नाही, समिती ठरवते आणि तिच्यातले बरेच जण नाव सांगत नाहीत. त्याची ट्रॉफी मात्र ऐकण्यासारखी आहे. इंडियाना जोन्सवरच्या एका खेळाचा परवाना संपला, तेव्हा उरलेल्या प्रती जाळल्या होत्या. त्यातला अर्धवट जळका तुकडा पारदर्शक पिरॅमिडमध्ये बसवलाय. नावातली सुरुवातीची अक्षरं जळाली, 'डायना जोन्स' तेवढं उरलं, म्हणून पुरस्काराचं नावही तेच. मेसेजवाल्यानं दोन्ही पुरस्कार एकाच पोत्यात कोंबले.

मोठी कंपनीच जिंकते? 2015 मध्ये वर्षातल्या सर्वोत्तम उत्पादनाचं सोनं डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या प्लेयर्स हँडबुकला गेलं, हे खरं. तो खेळ काढणारी कंपनी हॅस्ब्रो या खेळण्यांच्या बड्या कंपनीची, म्हणजे मोठीच. पण 2020 मध्ये त्याच विभागाचं सोनं मॉर्क बोर्गला मिळालं. मूळ दोन स्वीडिश माणसांच्या डोक्यातून निघालेलं, पिवळ्याधमक मुखपृष्ठाचं पुस्तक. 'नेहमी' हा शब्द तिथंच निकाली निघतो.

एक गोष्ट मात्र नाइलाजानं मान्य करतो. ज्याचे चाहते जास्त त्याला मतं जास्त, हे इथंही आहेच. प्रकाशक मतं मागत फिरतात, आणि नामांकन मिळालेली पाचही पुस्तकं वाचून मत देणारे किती असतील, देव जाणे. भाच्याला विचारलं, तू किती वाचलीस? म्हणाला, 'एक. तेबी फुकटचं, थोडंसंच.'

त्याला फोनवर एवढं सगळं सांगितलं. तिकडून बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.

'मामा, काय सांगायलाव तुम्ही? म्हणजे जो खेळ मला बिलकुल नको होता, त्यालाच मी एक नंबर दिला?'

'दिलास.'

'अन् हा मेसेज मी तीन ग्रुपवर टाकलाय.'

दोन ग्रुपवर त्यानं रात्रीच दुरुस्ती टाकली. तिसऱ्या ग्रुपमधून तो मागच्या आठवड्यातच बाहेर पडलाय.