म्हणे वाकडी लावली!

“तुम्ही वाकडी लावली असेल.”

हे दुकानदाराचं उत्तर, आणि तेही जॉइंटच्या गोटीबद्दल! गोटी म्हणजे बोल्टच्या डोक्यावर बसणारी पान्याची टोपी, आणि जॉइंटची गोटी म्हणजे मध्ये सांधा असल्याने वाकणारी. अहो, सरळ लावता आली असती तर साधी गोटी काय वाईट होती? माणूस जॉइंटची गोटी घेतो तीच मुळी वाकडं लावायला. छत्री परत न्यावी आणि दुकानदाराने “पावसात नेली असेल” म्हणावं, तसलं हे उत्तर.

आज सकाळची गोष्ट. भोसरीतलं एक गॅरेज, पिकअपचा गिअरबॉक्स उतरवायचं काम. स्टार्टर काढून झाला, खालचे आणि बाजूचे बोल्ट सुटले. राहिला बेल हाउसिंगचा, म्हणजे गिअरबॉक्सच्या इंजिनला जोडलेल्या घंटेसारख्या तोंडाचा, सगळ्यात वरचा, १७ मिलिमीटरचा. तो आणि वरचा पत्रा यांच्यात चार बोटांची जागा, म्हणून अर्ध्या इंची चौकोनाची गन (ठोके मारत बोल्ट फिरवणारं यंत्र), लांब एक्स्टेंशनचा दांडा आणि पुढे परवाच नाना पेठेतून आणलेली नवीकोरी काळी जॉइंटची गोटी. अंगावर ‘इम्पॅक्ट’ असं ठसठशीत लिहिलेलं. दुसऱ्यांदा ट्रिगर दाबला आणि कान तुटला. कान म्हणजे जॉइंटची पिन ज्या काट्यात बसते, त्या काट्याची एक बाजू. पिन उडाली ती स्टार्टरच्या भोकातून बेल हाउसिंगच्या आत. तिचं एक वेळ ठीक आहे, गिअरबॉक्स खाली आला की मॅग्नेटने सापडेल. पण कान तुटताना गोटी तिरकी झाली आणि गनचे पुढचे ठोके बोल्टच्या कोपऱ्यांवर बसले. डोकं गोल झालं. हात धड पोचत नाही अशा जागचा बोल्ट, आणि त्याचंच डोकं गोल!

तुटलेला तुकडा उजेडात धरला तेव्हा डोकं खरं फिरलं. आतली कड खडीसाखरेसारखी दाणेदार. वाकल्याची, ताणल्याची खूण नाही, सरळ तुकडाच पडलेला. चिवट पोलाद असं तुटत नाही. ते आधी पिळतं, भोक लांबट होतं, पिन खुळखुळायला लागते, म्हणजे सांगून-सवरून जातं. वरचा काळा रंग नखाने खरवडला तर खाली चकचकीत क्रोम. हातपान्याची गोटी, तिला काळा रंग मारला, वर ‘इम्पॅक्ट’ छापलं आणि विकली! याला चुकीचा माल म्हणत नाहीत, याला फसवणूक म्हणतात. क्रोमची कपची ब्लेडसारखी सुटते. गाडीखाली उताण्या पडलेल्या पोराच्या डोळ्यात ती गेली असती तर? तेव्हाही “वाकडी लावली असेल” म्हणाला असता का?

हातपान्याच्या गोट्या सहसा क्रोम व्हॅनेडियमच्या असतात. कडक, पातळ भिंतीच्या, हाताच्या सरळ जोराला उत्तम. गन जोर लावत नाही, ती ठोके मारते, मिनिटाला हजारोंनी. त्याला क्रोम मॉलिब्डेनम लागतं, जाड भिंत लागते आणि ठोका पचवेल असं हीट ट्रीटमेंट लागतं. गनच्या गोटीचा काळेपणा फॉस्फेटचा किंवा ऑक्साइडचा असतो, तो पोलादात मुरलेला दिसतो, त्याचे पापुद्रे निघत नाहीत. काउंटरवरच स्क्रायबरने आतल्या बाजूला एक ओरखडा काढा. पापुद्रा निघाला की गोटी तिथेच ठेवा आणि चालू लागा. दुकानदार ओरखड्यावरून भांडेल. भांडू दे.

आता वाकडेपणाचंच बोलायचं तर बोलूया, कारण त्या उत्तरातला जो अर्धा खरा भाग आहे तोही या लोकांना माहीत नाही. एकेरी जॉइंट वाकला की पुढचं टोक एकसारखं फिरत नाही, एका फेऱ्यात दोनदा जोरात जातं आणि दोनदा रेंगाळतं. १५ अंशांत हा फरक साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतो, कळतसुद्धा नाही. ३० अंशांत तेच टोक एकदा १३ टक्के मागे तर एकदा १५ टक्के पुढे. शिवाय कानांना बाजूला फाकवणारा जोर १५ अंशांच्या जवळपास दुप्पट होतो. ४५ अंशांत तर गन बोल्ट सोडवतच नाही, जॉइंट झोडपत बसते. म्हणून जड बोल्टला १५ अंशांच्या आत राहायचं, आणि ३० अंश फक्त जागाच नसेल तेव्हा, तेही हलक्या बोल्टला. हे पाकिटावर एका ओळीत छापता आलं असतं. पाकिटावर काय छापलंय? ‘३६० अंश फिरते’. अरे, प्रत्येक गोटी ३६० अंश फिरते!

गोटी हातात घेऊन “बघा, किती वाकते” म्हणत काटकोनापर्यंत मोडून दाखवणाऱ्या विक्रेत्यावर तर माझा खास राग आहे. जितकी जास्त वाकते तितकी खाच खोल, आणि जितकी खाच खोल तितके कान लांब आणि बारीक. गनची चांगली जॉइंटची गोटी ३० अंशांच्या आसपास अडते, आणि ती अडते म्हणूनच टिकते. काटकोनात लुळी पडणारी गोटी हाताच्या रॅचेटला ठेवा, गनजवळ आणू नका.

सगळ्यात आधी सांधा बघा. पिनवाला असेल तर पिन किती जाड, कानाच्या भोकाभोवती धातू किती उरलाय, आणि पिनची टोकं भोकात खोल बसवून नीट ठोकून बंद केली आहेत की नुसती समपातळीला घासून सोडली आहेत. घासून सोडलेली पिन काही दिवसांत बाहेर डोकावते आणि मग एका बाजूच्या कानावर सगळा भार येतो. शक्य असेल तर बिनपिनीचा सांधा घ्या, ज्यात एका भागाचा गोळा दुसऱ्याच्या पोटात बसतो आणि बाहेरून रिंग त्याला धरून ठेवते. भार बारीक पिनेवर न येता रुंद पृष्ठभागावर पसरतो, आणि लांबीही कमी भरते. ती रिंग सुटी मिळते का, हेही विचारा. मग दोन्ही टोकं धरून उलटसुलट पिळा. नव्या गोटीतच झोल लागत असेल तर गनचा प्रत्येक ठोका आधी तो झोल भरण्यात वाया जाणार. सोडलेल्या जागी सांधा थोडा धरून राहिला पाहिजे. मान टाकणारी गोटी खोल जागेतल्या बोल्टवर बसवताना जीव खाते.

तोंड सहा कोनीच. बारा कोनी गोटी गनला लावणाऱ्याच्या हातातून गनच काढून घ्यावी. त्यातही जॉइंटला बारा कोनी म्हणजे आधीच तिरका भार, त्यात कोपऱ्यांवर निम्मी पकड.

आणि हा ‘जॉइंट वेगळा घ्या, पुढे हवी ती गोटी लावा’ हा सल्ला बंद करा. वेगळा जॉइंट म्हणजे दोन चौकोनी जोडांतला झोल, वाढलेली लांबी आणि खोल जागेत गोटी सुटून पडण्याची भीती. जी मापं रोज लागतात ती अखंड घ्यावीत. जपानी आणि कोरियन गाड्यांना १०, १२, १४, १७. युरोपियन गाड्यांना १३, १५, १६, १८. पण सुट्या मिळतील तर शपथ! दहाचा सेट घ्या म्हणतात. त्यातल्या चार मापांना वर्षभर हात लागत नाही आणि जी तुटते तीच सुटी मिळत नाही. वर वॉरंटी आजन्म, फक्त ‘हलणारे भाग सोडून’. जॉइंटच्या गोटीत जॉइंट सोडून उरतं काय?

थोडं आपल्या लोकांनाही ऐकवायचं आहे. पाऊण वीत जागेत अर्ध्या इंची गोटी मावत नाही म्हणून ३/८ ची जॉइंटची गोटी अडॅप्टर लावून अर्ध्या इंची गनला जोडणारे प्रत्येक गॅरेजात आहेत. ३/८ म्हणजे साडेनऊ मिलिमीटरचा चौकोन, अर्धा इंच म्हणजे १२.७. हल्लीच्या मोठ्या बॅटरी गन १००० न्यूटन मीटरच्या पुढे जातात. गुरुवारी वीज जाते, कॉम्प्रेसर बंद पडतो, मग तीच मोठी बॅटरी गन बाहेर निघते आणि एक्झॉस्टच्या बारीक नटांवरही चालते. ३/८ च्या सांध्याला ३/८ ची लहान गन लावा. तीही पहिल्या गतीवर ठेवा, आणि ट्रिगर धरून न ठेवता दोन-दोन सेकंदांचे झटके द्या. मालवण-रत्नागिरीकडून आलेल्या गाडीच्या सायलेन्सरचे स्टड असतील तर आधी रात्रभर तेल पाजा. गंजलेल्या स्टडचा सूड जॉइंटवर काढू नका.

गोटी बोल्टवर पूर्ण बसल्याशिवाय ट्रिगर दाबायचा नाही. मोकळ्या हवेत जॉइंट पूर्ण वेगाने फिरवला की तो चाबकासारखा फिरतो आणि सुटून जातो. आवळताना बोल्ट आधी हाताने तीन-चार आटे बसवायचा, मग टॉर्क पान्याने (ठरलेला जोर लागला की क्लिक करतो तो पाना), सरळ गोटीने. वाकलेल्या जॉइंटमधून पान्याची क्लिक ऐकली तरी बोल्टला नेमका किती टॉर्क पोचला, ते सांगता येत नाही. महिन्यातून एकदा गोटी डिझेलमध्ये धुवा, सांधा हलवून आतली काजळी काढा, दोन थेंब तेल सोडा. पिनेच्या भोकाशी निळसर डाग दिसला किंवा भोक अंडाकृती झालं की ती गोटी भंगारात. हाताच्या कामाला ठेवू म्हणून ड्रॉवरमध्ये ठेवली की घाईच्या दिवशी ती परत गनवर चढते.

आणि कोन लहान असेल, १०-१५ अंशांच्या आत, तर जॉइंट लावूच नका. वॉबल एक्स्टेंशन, म्हणजे टोक गोलसर केलेला दांडा, तेवढं झुकतं, त्याला तुटायला पिनच नाही. मात्र तेही गनसाठीचंच घ्या, क्रोमचं नको.

भोसरीतला तो बोल्ट अजून तिथेच आहे. आता त्याला जॉइंट लागणार नाही. गिअरबॉक्सखाली जॅक द्यायचा, क्रॉस मेंबर (त्याला खालून धरणारा आडवा आधार) सोडायचा आणि शेपूट सावकाश खाली उतरवायची. रेडिएटरचे पाइप, फॅन आणि एक्झॉस्ट ताणले जात नाहीत ना, याच्यावर एकाने नजर ठेवायची. इंजिन मागे झुकलं की वरचा बोल्ट शेपटीकडून सरळ रेषेत दिसतो. लांब एक्स्टेंशन जोडून त्या गोल डोक्यावर उलट्या दातांची एक्स्ट्रॅक्टर गोटी ठोकून बसवायची आणि टॉमी (लांब दांडा) लावून हाताने सोडवायचा. सकाळी १० मिनिटांत सुटला असता. आता संध्याकाळ. आणि तो काळा रंग मारलेला सेट उद्याही काउंटरवर असणार.