गट पाडा आणि निवांत व्हा

शिक्षक मंडळी, वरून फर्मान आलंय ना की मुलांना एकत्र काम करायला शिकवा? अजिबात टेन्शन घेऊ नका. मी साधी पालक आहे, पण गेल्या शनिवारी रात्री साडेअकरा वाजता डायनिंग टेबलवर लेकीच्या गटाच्या प्रोजेक्टसाठी थर्माकोलचा रायगड कापत बसले होते, त्यामुळे गटकार्यातला माझा अनुभव आता दांडगा आहे. फुकटात सांगते.

गट हजेरी क्रमांकाने पाडा. एक ते आठ पहिला, नऊ ते सोळा दुसरा. कोणाचं कोणाशी पटत नाही, कोण वर्गात वर्षभर तोंडच उघडत नाही, असल्या भानगडीत तुम्ही कशाला पडताय.

गट आठाचाच हवा. गट मोठे तेवढे तपासायचे प्रोजेक्ट कमी, साधा हिशोब आहे. रिंगलमन नावाच्या एका फ्रेंच माणसाने लोकांना दोरी ओढायला लावून मोजलं होतं, 1913 मध्ये छापलंसुद्धा, की माणसं वाढली की प्रत्येकाचा जोर कमी होतो, आठ जण झाले तर जेमतेम निम्मा. पण ती दोरी होती हो, रायगड थोडीच.

गटाला नाव द्या. आमचा 'गट सह्याद्री'.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, कामं वाटून द्यायची नाहीत. "आपापसात ठरवा" म्हणायचं आणि खुर्चीत बसायचं. मग पोरं ठरवत नाहीत, आया ठरवतात, व्हॉट्सअ‍ॅपवर. एकीचा मेसेज, त्याचा शनिवारी क्लास असतो. दुसरी गावाला गेलेली. तिसरीने नुसता अंगठा पाठवला, त्याचा अर्थ काय ते अजून कळलेलं नाही. एक म्हणाला मी सजावट करतो, तो सोमवारी सकाळी चमकीची एक ट्यूब घेऊन उगवला. थर्माकोल आणायला मी गेले. सजावटीच्या थर्माकोलला राज्यात 2018 पासून बंदी आहे, पण शाळेच्या यादीतून तो काही हटत नाही. दुकानदाराने आतून काढून पेपरात गुंडाळून दिला, जणू गुटखाच. महादरवाजा नवऱ्याने केला, गंगासागर तलाव मी केला, टकमक टोक दोनदा तुटलं आणि आमची सातवीतली कन्या फेविकॉल लागलेल्या हातांनी रडत होती की मॅडम ओरडतील. सोमवारी प्रेझेंटेशन कोणी केलं? ज्याने काडी हलवली नव्हती त्याने. फाडफाड बोलतो पोरगा. रायगड पुण्यात आहे असंही फाडफाड सांगितलं, आणि टाळ्या.

मार्क सगळ्यांना सारखे द्या, म्हणजे पालकांचे फोन येत नाहीत.

भांडणं झाली तर "टीमवर्क शिका" म्हणायचं. तेवढ्याने शिकतात.

शेवटी शेरा. आमच्या कन्येला मिळाला, 'नेतृत्वगुण कमी पडतात'.

आता हा शेरा वाचल्यावर मला काही गोडगोड लिहिता येत नाहीये. अहो, गट पाडणं म्हणजे शिकवणं नव्हे! बारभाईंची शेती, काय लागेल हाती, हे आमच्या आजीलाही माहीत होतं. कायद्यात सहावी ते आठवीला 35 मुलांमागे एक शिक्षक लिहिलंय आणि तुमच्यासमोर 60 बसवलीत, कबूल, त्यात तुमचा दोष नाही. पण त्याच गटात एक मुलगी आहे, कधीच बोलत नाही, चित्रं मात्र अशी काढते की बघत राहावं. तिला कोणी विचारलंच नाही. तुम्हीही नाही.

हीच पोरं दिवाळीत पार्किंगच्या मागे किल्ला करतात, तेव्हा बघा कधीतरी. एक माती चाळतो, एक विटा आणि पोती रचतो, एकाकडे अळीव पेरून रोज पाणी शिंपडायचं काम. तो विसरला तर किल्ला बोडका राहतो आणि सगळ्या सोसायटीला कळतं कोण विसरलं. मग बरोबर लक्षात ठेवतो. वर्गात जमवायला काय लागतं? एलियट आरॉन्सन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेत ऑस्टिनच्या शाळांमध्ये 1971 सालीच हे करून दाखवलंय. धड्याचे तुकडे करायचे, एकेकाला एकेक तुकडा, तो त्याने बाकीच्यांना समजावायचा आणि परीक्षा प्रत्येकाची वेगळी, पूर्ण धड्यावर. म्हणजे गप्प बसणाऱ्या पोरीचं ऐकल्याशिवाय फाडफाड बोलणाऱ्याचं भागतच नाही. घ्या की रायगड. एकाला पाण्याची सोय, एकीला बाजारपेठ, एकाला दरवाजे, एकाला 1674 चा राज्याभिषेक. मग त्या बडबड्याला उभं करा आणि दुसरीचा भाग विचारा. थर्माकोल लागत नाही, आई लागत नाही, फक्त तुम्ही खुर्चीतून उठून चार बाकांपर्यंत जावं लागतं.

आणि आधी तो शेरा खोडा.